एक्सेल बबलच्या आत की बाहेर? शिरोलीतील एका फौंड्रीतील प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत (ओतकाम कारखान्यात) 2023 च्या उन्हाळ्यात जी अडचण उभी राहिली, तिची ही सविस्तर नोंद आहे. फौंड्रीचा जुना टेस्ट सर्टिफिकेटचा प्रोग्राम आम्ही व्हर्च्युअल पॅकेजमध्ये, म्हणजे मशीनवर थेट इन्स्टॉल न करता चालणाऱ्या बंदिस्त गठ्ठ्यात, बांधून सर्व मशीनवर पोहोचवला. त्यानंतर एक्सेलमधील प्रमाणपत्रात रासायनिक घटकांचे आकडे कधी भरले जाऊ लागले, तर कधी त्या जागी ‘रन-टाइम एरर 429, ॲक्टिव्हएक्स कॉम्पोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’ असा संदेश येऊ लागला. पॅकेज मी स्वतः बांधले होते, त्यामुळे चूक शोधण्याची जबाबदारीही माझीच होती.

आधी प्रोग्रामविषयी. फौंड्रीतून गाडी बाहेर पडताना मालासोबत टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, जावी लागते. एसजी आयर्नच्या (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगसाठी त्या टीसीवर हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांचे प्रमाण आणि ताणसामर्थ्य व लांबीवाढ यांचे आकडे असतात. आयएस 1865 या भारतीय मानकातील ‘एसजी 500/7’ या ग्रेडचा माल असेल, तर ग्राहकाचा तपासनीस सर्वांत आधी दोन आकड्यांवर बोट ठेवतो: ताणसामर्थ्य 500 मेगापास्कल आणि लांबीवाढ 7 टक्के. या टीसीसाठी उद्यमनगरातील एका प्रोग्रामरने बऱ्याच वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये प्रोग्राम लिहून दिला होता. त्याचे दोन भाग होते. एक होता पडद्यावर दिसणारा मुख्य प्रोग्राम, ज्यात स्पेक्ट्रोमीटरचे आकडे नोंदवले जात. दुसरा होता एक छोटी डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रामने आपल्यात घेऊन वापरायचा घटक), जी हीट नंबर दिला की त्या हीटचे रसायन परत देत असे. एक्सेलच्या टीसी नमुन्यातील ‘रसायन भरा’ हे बटण दाबले की मॅक्रो, म्हणजे शीटमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम, या डीएलएलला हाक मारी, ती ॲक्सेसच्या जुन्या डेटाबेसमधून आकडे काढी आणि रकाने भरले जात. म्हणजे हाका दोन्ही दिशांनी मारल्या जात होत्या: प्रोग्राम एक्सेलला बोलावत असे आणि एक्सेल प्रोग्रामच्या घटकाला. या प्रकरणातील बहुतेक गुंता याच एका वाक्यात आहे, पण पॅकेज बांधताना मी त्यातला पहिला अर्धाच लक्षात घेतला होता.

व्हर्च्युअल पॅकेजची गरज का भासली, याचे कारण पंचगंगेत आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस बंद राहिला. जुलै 2021 मध्ये तेच पुन्हा घडले. पहिल्या पुरानंतर फौंड्रीतील काही मशीन नव्याने उभी करावी लागली. तेव्हा विंडोज आणि ऑफिस टाकायला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ हा एक प्रोग्राम चालू करण्यात गेला. कोणती ओसीएक्स फाइल (पडद्यावरील याद्या, बटणे अशी नियंत्रणे पुरवणारी फाइल) कोणत्या आवृत्तीची हवी, ती कोणत्या क्रमाने रजिस्टर करायची, हे एका वहीत लिहिलेले होते आणि ती वहीच भिजली होती. त्यातून मालकांनी ठरवले की मशीन बदलले तरी प्रोग्राम तासाभरात पूर्ववत दिसला पाहिजे. कंपनीकडे विंडोज 10 च्या एंटरप्राइज आवृत्तीचे परवाने होते. या आवृत्तीत 2016 पासून, म्हणजे 1607 या अपडेटपासून, मायक्रोसॉफ्टचे ॲप-व्ही हे साधन विंडोजमध्येच येते. फक्त ते एका आज्ञेने सुरू करावे लागते. (हे साधन मुळात सॉफ्टग्रिड या नावाने सॉफ्ट्रिसिटी या कंपनीने तयार केले होते आणि मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 2006 मध्ये विकत घेतली.) वेगळा ॲप-व्ही सर्व्हर आम्ही उभारला नाही. पॅकेज सामायिक फोल्डरमध्ये ठेवून पॉवरशेलच्या आज्ञांनी प्रत्येक मशीनवर ते जोडले आणि सर्व वापरकर्त्यांसाठी प्रकाशित केले.

ॲप-व्ही काय करते, हे थोडक्यात सांगतो. प्रोग्रामच्या फाइली, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीतील) नोंदी आणि त्याचे घटक हे सारे एका पॅकेजमध्ये राहते. प्रोग्राम चालू झाला की त्याच्याभोवती एक वेगळे वातावरण तयार होते, ज्याला या कामातली माणसे ‘बबल’ म्हणतात. बबलमधील प्रक्रियेला, म्हणजे आत चालू असलेल्या प्रोग्रामला, विंडोजच्या खऱ्या फाइली आणि नोंदी दिसतात, शिवाय पॅकेजमधल्या दिसतात आणि दोन्हींत एकच नाव असेल तर साधारणतः पॅकेजची नोंद वरचढ ठरते. बाहेरच्या, म्हणजे मशीनवर थेट इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामला मात्र, खास मांडणी केली नसेल तर, पॅकेजच्या आतले घटक आणि नोंदी दिसत नाहीत. घराच्या खिडकीला एकतर्फी काच लावावी तसे हे आहे: आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले दिसत नाही. जुन्या ओसीएक्स फाइलींसाठी ही काच फार उपयोगाची ठरली. एमएसकॉमसीटीएल या नावाची नियंत्रण फाइल जवळपास प्रत्येक जुन्या व्हिज्युअल बेसिक प्रोग्रामला लागते; मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2012 मध्ये तिच्यासाठी सुरक्षा दुरुस्ती दिली आणि तेव्हापासून ‘माझी आवृत्ती की तुझी’ हा वाद कार्यालयांना परिचयाचा आहे. पॅकेजमध्ये हा वाद मिटतो, कारण प्रत्येक जण आपापली प्रत घेऊन बसतो.

तक्रार आली ती पॅकेज लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी. प्रयोगशाळेतील केमिस्ट म्हणाले, “साहेब, सकाळी चालतंय बघा, जेवून आलं की बंद पडतंय.” डिस्पॅचच्या काकांचे म्हणणे वेगळे होते: “आमच्याकडं एकदाबी भरलं न्हाई. जुन्या मशीनवर कसं पळत हुतं!” सकाळ-दुपारचा हा भेद ऐकून माझे लक्ष नेटवर्ककडे आणि अँटिव्हायरसच्या वेळापत्रकाकडे गेले आणि त्यात माझा एक दिवस वाया गेला. दुपारी भट्टी पूर्ण भारावर असते, व्होल्टेज हलते, स्विच रीस्टार्ट होत असेल, अशीही एक कल्पना मी मांडून पाहिली. फौंड्रीत संगणकाच्या प्रत्येक आजाराचे खापर शेवटी भट्टीवर फोडता येते, त्यामुळे ती सर्वांना पटलीही. पण ती चुकीची होती.

उलगडा झाला तो केमिस्टच्या मागे खुर्ची टाकून बसल्यावर. सकाळी ते टीसीचा प्रोग्राम उघडत, हीट निवडत आणि ‘शीट उघडा’ या बटणावर दाबत. एक्सेल उघडे, आकडे भरले जात. जेवायला जाताना ते सर्व बंद करून जात. परत आल्यावर सकाळी अर्धवट राहिलेली शीट फोल्डरमध्ये जाऊन दोनदा क्लिक करून उघडत, कारण तो मार्ग जवळचा होता. फाइल तीच, एक्सेल तेच, माणूस तोच. पण ‘रसायन भरा’ दाबले की 429. मी शेजारच्या खिडकीत पॉवरशेल उघडून ‘गेट-ॲपव्हीव्हर्च्युअलप्रोसेस’ ही आज्ञा दिली. ती आज्ञा त्या क्षणी बबलमध्ये चालू असलेल्या प्रक्रियांची यादी देते. सकाळच्या रीतीने एक्सेल उघडले तेव्हा यादीत दोन ओळी आल्या: टीसीचा प्रोग्राम आणि एक्सेल. दोन क्लिकच्या रीतीने उघडले तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल चालू दिसत होते, पण या यादीत त्याचे नाव नव्हते.

कारण सरळ होते. ‘शीट उघडा’ हे बटण एक्सेलला प्रोग्रामचे अपत्य म्हणून सुरू करत असे आणि बबलमधील प्रक्रियेचे अपत्य बबलमध्येच जन्मते. आत जन्मलेल्या एक्सेलला पॅकेजमधली डीएलएल दिसत होती. फोल्डरमधून उघडलेले एक्सेल हे विंडोज एक्सप्लोररचे अपत्य होते, म्हणजे काचेच्या बाहेरचे. त्याच्या दृष्टीने ती डीएलएल मशीनवर अस्तित्वातच नव्हती.

डिस्पॅचकडे तिसराच मार्ग वापरला जात होता. तेथे काका ‘थेट प्रिंट’ दाबत. तेव्हा प्रोग्राम ‘क्रिएटऑब्जेक्ट’ या आज्ञेने एक्सेलला बोलावत असे. ही हाक प्रोग्रामने मारलेली असली तरी एक्सेलला प्रत्यक्ष जन्म देते ती विंडोजची डीकॉम सेवा. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये पाहिले तर एक्सेलचा पालक म्हणून ‘एसव्हीसीहोस्ट’ दिसत होता, टीसीचा प्रोग्राम नव्हे, आणि बबलच्या यादीत ते एक्सेल नव्हते. म्हणजे हाक आतून गेली, पण उत्तर देणारा बाहेर उभा राहिला. शीर्षकाचे आकडे तो भरू शकत होता, कारण ते प्रोग्राम स्वतः त्याला देत होता. शीटमधल्या मॅक्रोने उलट हाक मारली की तो अडखळत होता.

एवढे कळल्यावर प्रकरण संपले असे मला वाटले होते. पण डिस्पॅचच्या मशीनवर मी काकांना ‘शीट उघडा’ या मार्गाने जायला सांगितले, एक्सेल बबलच्या यादीत आलेले डोळ्यांनी पाहिले आणि तरीही 429 आलाच.

येथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पॅकेज लावले त्याच आठवड्यात डिस्पॅच आणि गुणवत्ता विभागातील जुनी मशीन काढून नवी बसवली होती. दोन बदल एकाच आठवड्यात करू नयेत, हे मी इतरांना नेहमी सांगतो. नव्या मशीनवरील ऑफिस 64 बिटचे होते, कारण 2019 च्या आवृत्तीपासून काही वेगळे न निवडल्यास तेच येते. प्रयोगशाळेतील जुन्या मशीनवर मात्र 32 बिटचे ऑफिस होते. व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये बनलेली डीएलएल नेहमी 32 बिटचीच असते आणि 64 बिटच्या प्रक्रियेत 32 बिटची डीएलएल कोणत्याही उपायाने लोड होत नाही. डीएलएल ज्या जेट 4.0 या डेटाबेस यंत्रणेवर विसंबून होती, तीही केवळ 32 बिटमध्येच उपलब्ध आहे. म्हणजे डिस्पॅचमध्ये व्हर्च्युअल पॅकेज नसते आणि प्रोग्राम थेट इन्स्टॉल केला असता, तरीही नेमका हाच एरर आला असता. एकाच क्रमांकाचा एरर दोन वेगळ्या कारणांनी येत होता, आणि दोष मात्र सर्वांनी पॅकेजला दिला होता, मीही.

आता पर्याय. ॲप-व्हीमध्ये बाहेरच्या प्रोग्रामला पॅकेजमधले घटक वापरू देण्याचे तीन-चार मार्ग आहेत आणि ते वरवर एकसारखे वाटले तरी त्यांची जात वेगळी आहे.

पहिला मार्ग रजिस्ट्रीतील ‘रनव्हर्च्युअल’ या किल्लीचा. ॲप-व्ही क्लायंटच्या नोंदींखाली या नावाची किल्ली करायची, तिच्याखाली ‘एक्सेल.ईएक्सई’ या नावाची उपकिल्ली करायची आणि तिच्या मूळ किमतीत पॅकेजचा ओळख-क्रमांक व त्याच्या आवृत्तीचा ओळख-क्रमांक यांच्यामध्ये अधोरेषा घालून लिहायचे. मग एक्सेल कोठूनही सुरू झाले तरी ते त्या पॅकेजच्या बबलमध्ये जन्मते. तपासणी प्रक्रिया सुरू होतानाच होते, आधीपासून उघडे असलेले एक्सेल आत ओढले जात नाही. प्रयोगशाळेतील एका मशीनवर हे करून पाहिले आणि सकाळ-दुपारचा भेद खरोखर नाहीसा झाला. ज्यांना तातडीने मलमपट्टी हवी असेल, त्यांच्यासाठी यापेक्षा सोपे काही नाही.

तरीही मी तो मार्ग कायमचा ठेवला नाही. एक्सेल हे फौंड्रीत केवळ टीसीचे साधन नाही. पगारपत्रक, स्क्रॅपचे दर, पॅटर्नची नोंदवही, मालकांचा रोजचा उत्पादन तक्ता, सारे तेथेच असते. या सर्वांना टीसीच्या बबलमध्ये राहायला लावणे म्हणजे एका भाडेकरूला पाणी मिळावे म्हणून साऱ्या वाड्याची पाइपलाइन त्याच्या स्वयंपाकघरातून फिरवण्यासारखे होते. शिवाय एक्सेल दिवसभर उघडे असते, त्यामुळे पॅकेज दिवसभर ‘वापरात’ राहते आणि नवी आवृत्ती प्रकाशित करायची झाल्यास ती लॉगऑफ किंवा रीस्टार्ट होईपर्यंत लटकून राहते. तिसरी गोष्ट अधिक त्रासाची आहे. किल्लीत आवृत्तीचाही क्रमांक असतो, त्यामुळे पॅकेजची आवृत्ती वाढली की प्रत्येक मशीनवरची ती किंमतही न चुकता बदलावी लागते. विसरलो की धागा तुटला. आणि उद्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजलाही एक्सेल आपल्या बबलमध्ये हवे असेल, तर दोन्ही पॅकेज एका कनेक्शन ग्रुपमध्ये, म्हणजे सामायिक बबलमध्ये, बांधल्याखेरीज ते जमत नाही. 64 बिटचे ऑफिस असलेल्या मशीनवर तर हा मार्ग मुळातच निरुपयोगी होता, हे वर आलेच आहे.

याच जातीचा, पण मर्यादित मार्ग म्हणजे ‘/ॲपव्हीव्हीई’ हा स्विच जोडलेला वेगळा शॉर्टकट, ज्यातून उघडलेले तेवढेच एक्सेल बबलमध्ये जाते. अडचणीच्या वेळी तपासणीसाठी तो मला फार उपयोगी पडला. रोजच्या वापरासाठी मात्र त्याला सर्वांनी नेहमी त्याच शॉर्टकटवरून जाण्याची शिस्त लागते. शिवाय एक्सेल 2013 पासून दुसऱ्यांदा उघडलेले एक्सेल साधारणतः आधीच चालू असलेल्या प्रक्रियेतच सामील होते, त्यामुळे ‘/एक्स’ हा स्विच देऊन वेगळी प्रक्रिया मागावी लागते. मेलमधून आलेली शीट थेट उघडणाऱ्या माणसाला हे सारे समजावणे मला प्रामाणिकपणे अशक्य वाटले.

दुसरा मार्ग डायनॅमिक व्हर्च्युअलायझेशनचा. क्लायंटच्या मांडणीत ‘प्रोसेसेस युजिंग व्हर्च्युअल कॉम्पोनंट्स’ नावाची एक यादी असते. तिच्यात ज्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग असेल, त्याला पॅकेजमधली ॲक्टिव्हएक्स नियंत्रणे, शेल एक्स्टेन्शन आणि ब्राउझरचे साहाय्यक घटक बाहेर राहूनही वापरता येतात. मार्गात वाइल्डकार्ड चालते. एखाद्या पॅकेजमुळे उजव्या क्लिकच्या मेन्यूत येणारी ओळ दिसत नसेल, तर सर्वप्रथम येथे पाहावे. आमची डीएलएल या तीनपैकी कशातच नीट बसत नव्हती आणि 32-64 चा प्रश्न येथेही तसाच उरत होता, म्हणून मी या यादीला हात लावला नाही.

तिसरा मार्ग पॅकेजसोबत येणाऱ्या डिप्लॉयमेंट कॉन्फिग फाइलीतील. तिच्यात ‘कॉम’ (एका प्रोग्रामने दुसऱ्याचे घटक वापरण्याची विंडोजची पद्धत) या नावाचा एक भाग असतो आणि त्याची रीत ‘आयसोलेटेड’ किंवा ‘इंटिग्रेटेड’ अशी लिहिता येते. आयसोलेटेड असेल तर पॅकेजमधले कॉम घटक बाहेर अदृश्य राहतात. आमच्या फाइलीत तसेच होते. इंटिग्रेटेड केल्यावर आणखी दोन खुणा विचारात घ्याव्या लागतात: ‘आउट ऑफ प्रोसेस’ आणि ‘इन प्रोसेस’. पहिलीला ‘ट्रू’ आणि दुसरीला ‘फॉल्स’ अशी या फाइलीतील नेहमीची मांडणी आहे आणि तीत शहाणपण आहे. ‘इन प्रोसेस’ म्हणजे घटक डीएलएलच्या रूपात, हाक मारणाऱ्याच्याच पोटात जाऊन काम करणार. तो बाहेरच्या एक्सेलच्या पोटात गेला तर बाहेरचाच होतो, आणि मग पॅकेजमधला डेटाबेसचा मार्ग, पॅकेजमधल्या रजिस्ट्रीच्या नोंदी, ज्यांवर तो विसंबून आहे, त्याच त्याला दिसेनाशा होतात. माहेरून पाहुणा यावा आणि त्याची पिशवी माहेरीच राहावी, तसे. ‘आउट ऑफ प्रोसेस’ म्हणजे घटक ईएक्सईच्या रूपात स्वतःच्या वेगळ्या प्रक्रियेत चालणार. ती प्रक्रिया बबलमध्ये उभी राहते, तिला पॅकेजमधले सर्व दिसते आणि बाहेरचे एक्सेल तिच्याशी विंडोजच्या मध्यस्थीने बोलते. बोलणे दोन प्रक्रियांमधले असल्याने एक 64 बिटची आणि दुसरी 32 बिटची असली तरी काही बिघडत नाही.

हे लक्षात आल्यावर पर्याय एकच उरला: डीएलएलची ईएक्सई करणे. व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये ‘ॲक्टिव्हएक्स डीएलएल’ ऐवजी ‘ॲक्टिव्हएक्स ईएक्सई’ असा प्रकल्प घेऊन तोच कोड पुन्हा बांधता येतो. प्रश्न होता तो कोड कोठे आहे हा. मूळ प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ, ज्यांना उद्यमनगरात सगळे ‘सर’ म्हणतात, त्यांना फोन केला. ते म्हणाले, “कोड आहे हो, पण ते मशीन चालू होतंय का तेवढं बघायला लागेल.” व्हिज्युअल बेसिक 6 च्या विकास-साधनाचा अधिकृत आधार एप्रिल 2008 मध्येच संपला आहे, विंडोज त्याचे रनटाइम अजून सांभाळते, एवढाच काय तो दिलासा. सरांचे मशीन दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झाले. प्रकल्पाचे आणि क्लासचे नाव आहे तेच ठेवावे, ही एक विनंती मी त्यांना आवर्जून केली, कारण शीटमधला मॅक्रो ‘क्रिएटऑब्जेक्ट’ला हेच जोडनाव देत होता. मॅक्रोत संदर्भ-यादीतून घटक जोडलेला असता, तर ग्राहकनिहाय असलेला प्रत्येक टीसी नमुना उघडून दुरुस्त करावा लागला असता.

ईएक्सई तयार झाली, चालली, आणि मग मंदपणाची तक्रार आली. मॅक्रो प्रत्येक हीटसाठी कार्बन वेगळा विचारत असे, सिलिकॉन वेगळे, मँगनीज वेगळे. घटक एक्सेलच्या पोटात होता तोवर या प्रत्येक प्रश्नाला काहीच मोल पडत नव्हते. आता प्रत्येक प्रश्न एका प्रक्रियेतून दुसरीत जाऊन परत येत होता. चाळीस हीटांच्या टीसीत रकाने एकामागून एक भरत जाताना डोळ्यांना दिसू लागले. सरांनी एक नवे फंक्शन लिहिले, जे हीट नंबरांची यादी घेऊन सर्वांचे रसायन एकाच उत्तरात परत देते. मॅक्रोत त्यासाठी पाच-सहा ओळी बदलल्या आणि ही तक्रार तेथेच थांबली. एखादा घटक पोटातून बाहेर काढताना त्याच्याशी बोलण्याची पद्धतही बदलावी लागते, हे मी ऐकून होतो. ते येथे प्रत्यक्ष पाहिले.

मधल्या काळात डिस्पॅचमध्ये आणखी एक गोष्ट उघडी पडली. तेथल्या मशीनला वजनकाट्याची सिरियल केबल जोडलेली आहे. वजन वाचणारा सरांचाच एक छोटा प्रोग्राम थेट इन्स्टॉल केलेला आहे आणि टीसीचा प्रोग्रामही त्याच पोर्टवरून निव्वळ वजन वाचतो. दोघांनी एकाच वेळी पोर्ट उघडू नये म्हणून सरांनी पूर्वी एका नावाचे म्युटेक्स (एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती राहणारी खूण) वापरले होते: ज्याच्या हाती म्युटेक्स, त्याचा काटा. बबलमध्ये मात्र अशी नावे वेगळी केली जातात. आतला म्युटेक्स आणि बाहेरचा म्युटेक्स नावाने एक असूनही दोन स्वतंत्र वस्तू झाल्या, दोघांनाही आपणच मालक वाटू लागले आणि पोर्टवर गाठ पडली की ‘पोर्ट ऑलरेडी ओपन’, म्हणजे 8005. येथे ‘कॉम पोर्ट’ आणि ‘कॉम घटक’ या दोन शब्दांमुळे फोनवर फार गोंधळ झाला. काकांना काट्याची वायर काढून पुन्हा लावायला सांगितली जात आहे, असेच दोन वेळा वाटले. उपाय त्याच कॉन्फिग फाइलीत होता. तिच्यात ‘ऑब्जेक्ट्स’ या घटकाची ‘एनेबल्ड’ ही खूण ‘फॉल्स’ केली की नामांकित वस्तू वेगळ्या केल्या जात नाहीत, आतले-बाहेरचे एकच होतात. ही खूण सरसकट लागू होते. मला एकच म्युटेक्स मोकळा हवा होता आणि मोकळे मात्र सारेच करावे लागले. मन थोडे कुरकुरले, पण या पॅकेजमधल्या प्रोग्रामच्या दोन प्रती एकमेकींशी भांडतील असे काही नव्हते, म्हणून तो निर्णय मान्य केला. ओसीएक्सच्या आवृत्त्यांच्या वादावर या खुणेचा काही परिणाम होत नाही, हे आधी तपासून घेतले.

अंमलबजावणीसाठी सोमवार निवडला, कारण त्या दिवशी फौंड्रीची साप्ताहिक सुटी असते. नव्या ईएक्सईसह पॅकेज पुन्हा सीक्वेन्स केले, म्हणजे नव्याने बांधले, आणि कॉन्फिग फाइल दुरुस्त केली. येथेही एक ठेच लागली. पहिल्या मशीनवर मी फाइल बदलून सामायिक फोल्डरमध्ये ठेवली, पॅकेज पुन्हा प्रकाशित केले आणि परिणाम शून्य. फाइल बदलली म्हणजे क्लायंटने ती वाचली असे होत नाही; पॅकेज जोडताना ‘डायनॅमिक डिप्लॉयमेंट कॉन्फिगरेशन’ या पर्यायातून तिचा मार्ग द्यावा लागतो, आणि पॅकेज आधीच जोडलेले असेल तर ‘सेट-ॲपव्हीक्लायंटपॅकेज’ने तो देऊन मग पुन्हा प्रकाशित करावे लागते. प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या मशीनवरची रनव्हर्च्युअलची किल्लीही आठवणीने काढून टाकली, नाहीतर तेथील एक्सेल जुन्या आवृत्तीच्या बबलचा पत्ता शोधत बसले असते.

मंगळवारी सकाळी मी डिस्पॅचमध्येच होतो. काकांनी ‘थेट प्रिंट’ दाबले. 64 बिटचे एक्सेल बाहेर उभे राहिले, ‘रसायन भरा’ दाबल्यावर यादीत बबलच्या आतली ईएक्सई दिसली आणि पहिल्या टीसीत मॅग्नेशियमचा आकडा आला. काकांनी तो हातातल्या लॅबच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला, चिठ्ठी खिशात घातली आणि पुढच्या गाडीचे चलन मागितले. केमिस्ट अजूनही दुपारी फोल्डरमधूनच शीट उघडतात. आता त्याला हरकत नाही.

एक काम शिल्लक आहे. काही जुन्या टीसी नमुन्यांत मॅक्रोने घटक सार्वजनिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलेला आहे, त्यामुळे ती वर्कबुक उघडी असेपर्यंत ईएक्सई मेमरीत राहते आणि पॅकेज ‘वापरात’ दिसते. असे नमुने एकेक करून दुरुस्त करणे चालू आहे. तोवर नवी आवृत्ती लावायची ती सोमवारीच, असे फौंड्रीच्या मॅनेजरशी ठरले आहे. कॉन्फिग फाइलीची एक छापील प्रत, बदललेल्या तीन ओळींवर खूण करून, आता वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवली आहे, जेथे पाणी पोहोचत नाही.